रानांतील मुलाची परीक्षा

इसवी सन १८०० च्या जानेवारी महिन्यांत, ऐन हिवाळ्यांत, दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों विभागांतल्या साँ-सेर्नँ या खेड्यांत एक मुलगा रानांतून बाहेर आला. वय अदमासें अकरा-बारा वर्षांचें. अंगावर एका फाटक्या सदऱ्याखेरीज कांहीं नाहीं. सर्वांगावर जखमांचे वण. आणि तोंडांत कोणतीहि भाषा नाहीं. तो कोणाचा, रानांत केव्हां आणि कसा गेला, हें शेवटपर्यंत कोणास कळलें नाहीं. पुढें तो ‘आव्हेरोंचा रानमुलगा’ या नांवानें प्रसिद्ध झाला. आणि आज इस्पितळांत लहान मुलांना ठोकळे, मणी व झोपाळे देऊन जो उपचार चालतो, त्याच्या इतिहासाचा एक धागा या मुलापर्यंत जाऊन पोंचतो.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्याला पॅरिसच्या मूकबधिरांच्या राष्ट्रीय शाळेंत आणण्यांत आलें. मनुष्य समाजावांचून वाढला तर कसा होतो, हा त्या काळच्या तत्त्वज्ञांचा आवडता वाद होता. म्हणून त्याला पाहण्यास गर्दी लोटली. परंतु गर्दीला दिसलें तें एक मळकट, सारखें मागेंपुढें झुलणारें, जवळ येणारास चावणारें पोर. उत्साह लवकरच ओसरला. फिलिप पिनेल हे त्या काळचे मनोविकारांचे नामांकित वैद्य. वेड्यांनाहि माणुसकीनें वागवावें असा आग्रह धरणारे. त्यांनीं मुलाची तपासणी केली. नजर ठरत नाहीं, मोठ्या आवाजाला कान दाद देत नाहीं, सुगंध आणि दुर्गंध सारखेच, अनुकरण नाहीं. आपल्या रुग्णालयांतील जडबुद्धि मुलांशीं त्याला ताडून पाहून त्यांनीं निर्णय दिला, कीं हाहि तसाच मंदबुद्धि आहे आणि सुधारणेची आशा नाहीं.

मूकबधिरांच्या त्या शाळेशीं नुकताच संबंध जडलेला एक तरुण वैद्य होता. त्याचें नांव जाँ मार्क गास्पार इटार. वय पंचवीस-सव्वीस. इटार यांनीं पिनेल यांचीं निरीक्षणें नाकारलीं नाहींत. फक्त त्यांच्या पुढें आणखी एक पाऊल टाकलें. मुलाच्या पाठीमागें त्यांनीं पिस्तुलाचा बार काढला. पहिल्या बारास मुलगा किंचित हलला. दुसऱ्यास त्यानें मानहि वळवली नाहीं. मात्र त्याच मुलामागें कोणी हळूच आक्रोड फोडला, कीं तो तत्काळ वळून पाही! कान तोच, मुलगा तोच. रानांत वाढलेल्या जिवाला पिस्तुलाच्या आवाजाशीं कर्तव्य नव्हतें. आक्रोडाच्या आवाजाशीं होतें, कारण तो खाण्याचा आवाज होता. म्हणजे दोष कानांत नव्हता. काय ऐकावें हें त्याच्या आजवरच्या जगण्यानें ठरविलें होतें. मग निराळें जगणें दिलें, तर निराळें ऐकणेंहि येईल काय? इटार यांच्या पुढील सर्व प्रयत्नांचें मूळ या एका प्रश्नांत आहे.

त्यांनीं कामाचीं पांच उद्दिष्टें आंखलीं: मुलाला माणसांतलें जीवन गोड वाटावें, त्याची इंद्रियें जागीं व्हावींत, नव्या गरजा निर्माण करून त्याच्या कल्पनांचें क्षेत्र वाढावें, गरजेपोटीं त्यानें बोलावें, आणि प्रथम खाण्यापिण्याच्या वस्तूंवर, मग इतर वस्तूंवर त्याची बुद्धि चालावी. ‘ओ’ या स्वराकडे त्याचें लक्ष जातें असें पाहून त्याचें नांव व्हिक्टर ठेविलें. हा मुलगा उकळत्या पाण्यांतून बोटांनीं बटाटे काढी आणि बर्फांत उघड्या अंगानें बागडे; त्याला ऊन-थंड कळेना. इटार यांनीं त्याला रोज दोन-तीन तास कढत पाण्यानें स्नान घालण्यास सुरुवात केली. कांहीं काळानें व्हिक्टर पाण्यांत बोट घालून पाहूं लागला आणि पाणी पुरेसें ऊन नसेल तर आंत जाईना. कातडीला थंडी कळूं लागली, तेव्हां कपड्यांचा उपयोगहि कळला. उलट्या पेल्यांखालीं भाजलेलें फळ लपवून तें शोधावयास लावणें हा लक्ष स्थिर करण्याचा खेळ. पुढें सुट्या अक्षरांनीं दुधाचा फ्रेंच शब्द जुळविण्यास त्याला शिकविलें. आणि एके दिवशीं फिरावयास निघतांना तीं चार अक्षरें त्यानें आपण होऊन बरोबर घेतलीं व यजमानांच्या टेबलावर मांडून दूध मागितलें.

तथापि या कथेचा शेवट विजयाचा नाहीं. १८०१ आणि १८०६ या सालीं इटार यांनीं दोन वृत्तांत लिहिले. दुसऱ्यांत निराशेचा सूर स्पष्ट आहे. व्हिक्टर बोलावयास शिकलाच नाहीं. ज्या दोन गोष्टी मात्र त्याला खरोखर साधल्या, त्या धड्याच्या खोलींत नव्हे, तर बाहेर घरांत साधल्या. एक, लाकडें करवतणें. त्यांत त्याला अतिशय आनंद वाटे. दुसरी, जेवणाचें टेबल मांडणें. त्याचा सांभाळ करणाऱ्या मादाम गेरँ यांच्या घरीं तें काम त्याचें असे. गेरँ बाईंचे पती वारले. त्या दिवशीं व्हिक्टरनें नेहमीप्रमाणें त्यांचेंहि ताट मांडलें. तें पाहून बाईंना रडूं कोसळलें. आपल्या हातून कांहीं दुःखाचें घडलें हें मुलानें जाणलें, मुकाट्यानें ताट उचलून कपाटांत ठेविलें आणि पुन्हां कधींहि तें मांडलें नाहीं. ज्याला कोणाच्याहि भावनेची जाणीव नाहीं असें ठरविण्यांत आलें होतें, त्याच मुलाची ही कृति. इटार यांनीं ती लिहून ठेविली, म्हणून ती उरली. व्हिक्टर गेरँ बाईंपाशींच राहिला आणि १८२८ सालीं पॅरिसमध्यें वारला.

एकाच मुलाच्या या दोन परीक्षा होत. दोन्ही परीक्षकांनीं टिपलेले दोष बहुतांशीं तेच. आणि व्हिक्टर कधींच बोलला नाहीं, हें पाहतां पिनेल सर्वस्वीं चुकले असेंहि म्हणतां येणार नाहीं. भेद होता तो प्रश्नांत. पिनेल यांनीं विचारलें, हा मुलगा कोणत्या वर्गांत बसतो? इटार यांनीं विचारलें, याला उद्यां कोणतें काम द्यावें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें कीं परीक्षा संपते. दुसऱ्याचें मिळालें कीं ती सुरू होते. पुढच्या दोनशें वर्षांत मुलांची पारख करणारें शास्त्र पुष्कळ वाढलें, परंतु हे दोन प्रश्न त्यांत एकमेकांशीं सारखे झगडत राहिले.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे एका लांकडी फळीचा इतिहास. इटार यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनीं मंदबुद्धि मुलांसाठीं पॅरिसमध्यें शाळा चालविली आणि १८४८ नंतर ते अमेरिकेस गेले. हात शिकला कीं बुद्धि शिकते, हें त्यांचें सूत्र. वर्तुळ, चौकोन, तारा असे आकार कोरलेली फळी आणि त्यांत बसणारे ठोकळे हें त्यांच्या शिक्षणाचें एक साधन होतें. मुलानें ठोकळा हातीं घ्यावा, फिरवून पाहावा, चुकावें, पुन्हां बसवावा, हाच त्याचा उपयोग. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं तीच फळी घेऊन घड्याळ लाविलें: दहा ठोकळे किती सेकंदांत बसतात यावरून मुलाचें बौद्धिक वय काढूं लागले. ‘सेग्विन फॉर्म बोर्ड’ या इंग्रजी उच्चाराच्या नांवानें ती हिंदुस्थानांतील दवाखान्यांतहि आली. शिकण्याची वस्तु तोलण्याचा तराजू झाली. तराजू वाईट नव्हे. पण तोलून झाल्यावर ठोकळे पेटींत बंद झाले, तर सेगँ यांचा मूळ हेतु हरवतो. तो हेतु जपला डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनीं. इटार आणि सेगँ यांचे ग्रंथ त्यांनीं स्वतःच्या हातानें उतरून काढले, आणि १९०७ सालीं रोमच्या मजुरवस्तींत उघडलेल्या बालगृहांत त्यांच्या साधनांना नवें रूप दिलें.

उपचाराच्या क्षेत्रांत याच विचाराला शास्त्राचें नांव मिळालें तें १९१७ च्या मार्च महिन्यांत. न्यूयॉर्क संस्थानांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं जॉर्ज बार्टन यांच्या घरीं मोजकीं माणसें जमलीं आणि त्यांनीं ऑक्युपेशनल थेरपीची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापिली. बार्टन हे व्यवसायानें वास्तुशिल्पी. क्षयानें गांजलेले आणि डाव्या अंगानें लुळे पडलेले. हातांना काम देऊनच ते सावरले होते. या उपचारास मराठींत व्यवसायोपचार म्हणतात. ‘व्यवसाय’ म्हटलें कीं पोटाचा धंदा डोळ्यांपुढें येतो. पण येथें अर्थ व्यापक आहे. मनुष्याचा दिवस ज्या कामांनीं भरतो तीं सर्व कामें म्हणजे व्यवसाय. लहान मुलाचा व्यवसाय खेळण्याचा, जेवण्याचा, सदऱ्याचीं बटणें लावण्याचा आणि पाटीवर अक्षर काढण्याचा.

हिंदुस्थानांत हें शास्त्र प्रथम मुंबईस आलें. तेथें पोलिओनें अधू झालेल्या मुलांचा प्रश्न बिकट होता. स्वतःच्या मुलीच्या पोलिओच्या दुखण्यांतून शिकून फातिमा इस्माईल यांनीं १९४७ सालीं अशा मुलांसाठीं काम उभारलें होतें. त्याच काळांत एका वेगळ्या वाटेनें कमला निंबकर या कामाकडे वळल्या. या मूळच्या एलिझाबेथ लंडी, क्वेकर पंथांत वाढलेल्या अमेरिकन बाई. १९३० सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या आणि विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून महाराष्ट्राच्या झाल्या. पुढें फिलाडेल्फियास जाऊन त्यांनीं व्यवसायोपचाराचें शिक्षण घेतलें आणि १९५० सालीं परळच्या के. ई. एम. इस्पितळांत या विषयाची देशांतली पहिली शाळा उघडली. १९५२ सालीं जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हां संस्थापक देशांत हिंदुस्थान होता. आणि १९५८ मध्यें नागपुरासहि असें विद्यालय निघालें.

पोलिओनें लुळा पडलेला हात डोळ्यांना दिसतो. पण हातपाय धड, डोळे-कान शाबूत, बुद्धीहि बरी, आणि तरीहि मुलाला बटण लावतां येत नाहीं, झोपाळ्यावर भीति वाटते, अंगाला कोणी स्पर्श केला तर तें किंचाळतें, अशा मुलाचें काय? त्याला आळशी किंवा हट्टी म्हणून शिक्षा होत असे. या मुलांचा कैवार घेतला अमेरिकेंतील जीन एअर्स यांनीं. त्यांचा जन्म १९२० सालीं कॅलिफोर्नियांतील व्हिसालिया येथें झाला आणि बालपण गेलें आक्रोडाच्या बागेंत. डोळे आणि कान यांपलीकडे तीन इंद्रियांकडे त्यांनीं लक्ष वेधलें: कातडीचा स्पर्श, कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय, आणि अवयव कोठें आहेत हें न पाहतां सांगणारी स्नायूंची व सांध्यांची जाणीव. या सर्वांचे निरोप मेंदूंत नीट जुळले नाहींत, तर साधें काम अवघड होतें, असा त्यांचा सिद्धांत. १९७२ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

त्यांच्या कसोट्या इटार यांच्या आक्रोडाची आठवण करून देतात. मुलाला हात दिसूं न देतां परीक्षक त्याच्या बोटाला स्पर्श करतो. कोणतें बोट तें मुलानें दाखवावें. हाताच्या पाठीवर बोटानें आकृति काढतो. मुलानें ती तशीच पुन्हां काढावी. एका पायावर उभें राहावें, परीक्षकासारखी शरीराची ठेवण करावी. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठीं अशा सतरा कसोट्यांचा संच १९८९ सालीं, एअर्स यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षीं, प्रकाशित झाला. हा सिद्धांत निर्विवाद मात्र नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१२ सालीं सांगितलें, कीं याविषयींचा पुरावा अपुरा आहे. संवेदनांच्या गोंधळास स्वतंत्र रोगाचें नांव देऊं नये. आणि उपचारानें नित्याच्या कामांत कांहीं फरक पडतो कीं नाहीं, हें पालकांनीं ठराविक मुदतींत पाहावें. या इशाऱ्यांत मर्म आहे. झोपाळ्यावर झुलणें हा हेतु नव्हे. झुलून आल्यावर मूल पंक्तींत बसून जेवलें कीं नाहीं, हें पाहावयाचें. १९९१ सालीं कानडांत तयार झालेल्या एका मापनांत तर प्रश्नच घरच्यांना विचारतात: कोणतें काम महत्त्वाचें वाटतें, तें आज कितपत जमतें, आणि त्यांत तुमचें समाधान किती? एक ते दहा असे गुण घरच्यांनींच द्यावयाचे.

आजहि आईबाप मुलाला घेऊन तपासणीस येतात, तेव्हां त्यांच्या मनांत एकच भीति असते: आमच्या मुलाला काय नांव देतील? नांव कधीं कधीं लागतें. त्यावांचून शाळेची सवलत किंवा सरकारी दाखला मिळत नाहीं. पण चांगला व्यवसायोपचारतज्ज्ञ नांवापाशीं थांबत नाहीं. तो मुलापुढें मणी ठेवतो आणि तें चिमटीनें उचलतें कीं मुठीनें, हें पाहतो. पेन्सिल धरतांना खांदा वर चढतो कीं काय, हें पाहतो. मूल डबा कसें उघडतें, वहाण कशी घालतें, हें आईला विचारतो. आणि उठण्यापूर्वीं सांगतो, कीं पुढच्या आठवड्यांत घरीं कणकेचे गोळे करावयास द्या, पोळीचा तुकडा स्वतः मोडूं द्या, पानें मांडण्याचें काम त्याच्याकडे सोंपवा. गेरँ बाईंच्या घरीं व्हिक्टरला मिळालेलें काम हेंच होतें.