आमराईचा धनी

आज बोलावयाचे आहे ते झाडांविषयी. पण अरण्यातील नव्हे, शेतकऱ्याच्या बांधावरील झाडांविषयी.

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना लिंब गाव लागते. तेथील बारा मोटांची विहीर विरूबाई भोसले यांनी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, इ. स. 1719 ते 1724 या काळात बांधविली. आतील दगडी महाल पाहून लोक थक्क होतात. मी शाळेतील मुलांना तेथे नेई तेव्हा आधी विचारी, बारा मोटा लावून पाणी उपसावयाचे ते कशासाठी? आमराईसाठी! आंबा लावणे हे त्या काळी केवढे दीर्घ पल्ल्याचे काम समजत, हे त्या विहिरीच्या खोलीवरूनच कळते.

त्याच सुमारास, म्हणजे 1715–16 च्या आसपास, रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सिद्ध झाले. आरमारासाठी लाकूड हवे. तेव्हा साग वगैरे राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे, पण रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, असे अमात्य बजावतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये. (हे शब्द पुष्कळजण थेट शिवछत्रपतींच्या तोंडी घालतात. धोरण त्यांच्या परंपरेतले खरे; लेखणी मात्र अमात्यांची.)

पुढे 1964 साली महाराष्ट्राने खासगी जमिनीवरील वृक्षतोडीस आळा घालणारा कायदा केला. त्याच्या यादीतही आंबा आणि फणस आहेतच. पण अमात्यांची अर्धीच गोष्ट त्यात उतरली. तोडू नको, हे धन्याला सांगितले. राखल्याबद्दल त्याला काय मिळावे, हे राहून गेले.

खेड्यात हे एक वेळ खपून जाते. शहराच्या वेशीवर खपत नाही. 2020 साली साताऱ्याची हद्द वाढून शाहूपुरीसारखी वस्ती शहरात आली. सांगली, मिरज व कुपवाड यांची तर 1998 सालीच एक महानगरपालिका झाली. सांगलीच्या आमराईत आज लोक फिरावयास जातात. पण ती सार्वजनिक बाग. खासगी आमराया प्लॉटांच्या नकाशात सापडल्या की संपल्याच.

हिशेब साधा आहे. गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद जागा. जुन्या रायवळ आंब्याची सावली सहज तेवढी पडते. म्हणजे झाड राखणारा एका गुंठ्याच्या किमतीवर पाणी सोडतो. तोच गुंठा रस्त्याच्या आरक्षणात गेला, तर त्याला रोख मोबदला वा विकासहक्क मिळतो. रस्त्याला भाव आहे, मग सावलीला का नसावा? वृक्ष उभा आहे तोवर त्या गुंठ्याचा विकासहक्क अन्यत्र वापरू द्यावा, निदान घरपट्टीत सूट द्यावी, असे मला वाटते.

गतवर्षी हे सारे मी एका वृद्ध शेतकऱ्यास त्याच्याच आंब्याखाली बसून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “गुरुजी, मग तुमचे ते अमात्य एका झाडाला किती देत हुते?”

आकडा आज्ञापत्रात नाही. मी तसे सांगितले. त्याने वर फांद्यांकडे पाहिले आणि मोजणीवाले सोमवारी येणार आहेत, एवढेच तो म्हणाला.