मांगीशाचा वाघ

प्रियोळच्या श्रीमंगेशाला जाणाऱ्या भाविकांत देवाच्या नावाची कथा ठाऊक नसलेला विरळाच. सारीपाटात हरलेले महादेव कैलास सोडून दक्षिणेस आले आणि अघनाशिनीच्या, म्हणजे आजच्या झुआरीच्या, तीरी कुशस्थळीस राहिले. पार्वती त्यांना शोधीत त्या अरण्यात आली. थट्टेने म्हणा, परीक्षा पाहण्यासाठी म्हणा, देवांनी वाघाचे रूप घेतले व ते तिच्या वाटेत उभे राहिले. भयाने तिची जीभ अडखळली. ‘त्राहि मां गिरीश’ असे म्हणावयाचे, ते ‘त्राहि मांगीश’ एवढेच उमटले, आणि तेच नाव देवांनी आपले म्हणून धारण केले.

कथा सह्याद्रिखंडाच्या परंपरेतली. डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली तो ग्रंथ मुंबईत छापून प्रसिद्ध केला. त्याचा काळ कोणता, त्यात प्रक्षेप किती, यावर विद्वानांत पुष्कळ खल झाला आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष वेधते ते एवढेच, की हे नाव तपाने मिळाले नाही, ध्यानाने मिळाले नाही. वाघ पुढे आला त्या क्षणी साक्षात जगन्मातेलाही त्यात देव दिसला नाही, वाघच दिसला. ती भ्याली. ओळख मागाहून पटली.

रानच्या जनावराची गाठ पडली की त्यातून काही अर्थ काढावा, ही मनुष्याची जुनी खोड आहे. मुंगूस आडवे गेले, कोल्हा ओरडला, यांवर आपल्याकडे आख्खे शकुनशास्त्र उभे राहिले. परंतु त्या शास्त्राचा प्रश्न नेहमी एकच असतो: यातून माझे काय होणार? जनावर तिथे निव्वळ जासूद ठरते. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताची दृष्टी निराळी आहे. यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगताना तो अजगर सांगतो, हत्ती सांगतो, हरिण सांगतो. टिटवीएवढ्याही मोलाचा न वाटणारा कुरर पक्षी चोचीत मांसाचा तुकडा धरून उडतो, बलिष्ठ पक्षी त्याच्या पाठीस लागतात, तो तुकडा टाकून देतो आणि सुटतो. तो कुरर अवधूताला काही सांगावयास आला नव्हता. तो आपल्या भुकेपायी उडत होता. शिकणारा शिकला, इतकेच. नाथमहाराजांनी याच स्कंधावरील आपली टीका शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये काशीस पूर्ण केली.

त्याआधी अवघी तेरा वर्षे, १५६० मध्ये, कुशस्थळीच्या लोकांवर ‘त्राहि’ म्हणण्याची पाळी आली होती, आणि ती वाघामुळे नव्हे. साष्टी प्रांत १५४३ पासून पोर्तुगीजांच्या हाती होता. देवळे पडत होती. भक्तांनी लिंग उचलले, नदी ओलांडली व अंत्रुज महालात प्रियोळला नेऊन ठेवले. तो मुलूख १७६३ पर्यंत पोर्तुगीजांकडे गेला नाही. पुढे १७३९ मध्ये रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास दिले. घरदार सोडून परक्या मुलुखात आलेल्या त्या माणसांनी भयातून निघालेले नावच बरोबर आणले, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

आता गोव्याच्याच पूर्वेकडील जंगलपट्टीकडे पाहावे. तिथल्या गावांत वाघरोदेवाची स्थाने आहेत. ठाणे-नगरकडील आदिवासी आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात व गुरांची राखण वाघदेवाकडेच मागतात. यांच्या लेखी वाघ हा देवाने क्षणभर घेतलेला वेष नव्हे. तो रोज रात्री गोठ्याजवळून जाणारा खरा वाघ आहे. आमच्यासारख्या देवळाच्या माणसांची भक्ती त्या मानाने स्वस्त पडते. आमची गाय काही तो नेत नाही.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण व तिची तीन पिल्ले मेलेली सापडली. विषप्रयोग झाल्याचे तपासात निघाले. मूळ होते गुरे मारल्याचा राग. त्या गुराख्यांना दूषणे देणे सोपे आहे आणि अनेकांनी ती दिलीही. आम्ही मात्र विचारतो: ज्या समाजाच्या देवाचे नावच वाघाच्या गाठीतून निघाले, त्याने गाय गेलेल्या घराची विचारपूस केव्हा केली? नुकसानभरपाईचा अर्ज कोणी लिहून दिला? जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्रक्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या सुनावणीत नकाशे आले, गावांची नावे आली, घरांची संख्या आली. वाघरोच्या दगडापुढे नारळ ठेवणारी माणसे त्याच घरांतली आहेत.