उलाळ : बंडीपासून पिकअपपर्यंत

१/ नागपूरच्या रस्त्यांवर एखाद्या पिकअपला मागे सिमेंट कालवण्याचे यंत्र किंवा चाकांवरचा जनरेटर जोडला, की तिचे मागचे अंग बसते आणि नाक वर येते. गॅरेजमधला उपाय ठरलेला : ‘पाटे वाढवा.’ हा उपाय अर्धाच का, हे कळण्यासाठी विदर्भातल्या बंडीकडे वळावे लागते.

२/ १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस हवा झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. तरीही शेतापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्थानकापर्यंत कापूस वाहिला तो बैलांनीच. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव आणि मधे आस. बंडीला कमान नव्हतीच.

३/ कमान नव्हती, म्हणून ‘बसणे’ही नव्हते. मात्र ओझे कुठे ठेवले आहे, ते बैलांच्या मानेला तत्काळ कळे. आसाच्या पुढे जास्त भार पडला तर जू मानेवर दाबे. मागे जास्त पडला तर जू वर उचले आणि जोते गळ्याला काचे. या दुसऱ्या दोषाला मराठीत नेमका शब्द आहे : उलाळ. त्यावर लोहाराकडे उपाय नव्हता. बंडीवान माल पुढे सरकवी, नाहीतर स्वतः पुढे सरकून बसे.

४/ कमानीचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. ताण आणि बल यांचे प्रमाण रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये मांडले. १८०४ मध्ये लंडनच्या ओबडाया एलियटने घोडागाडीसाठी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. हेतू होता बसणाऱ्याला धक्के न लागण्याचा. पुढे टांग्यालाही कमानी आल्या, पण तोल सांभाळण्यासाठी टांगेवाला उतारूंना पुढे-मागे सरकवीतच राहिला.

५/ दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप चारही चाकांवर पाट्यांच्या कमानींवर उभी होती. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतर ती भारतात रुजवली. आजच्या मालवाहू पिकअपच्या मागच्या बाजूला तीच जुनी रचना टिकून आहे.

६/ पाटा वाढवला की कमान ताठ होते आणि शेपूट वर येते. पण गाडी रिकामी असताना मग ती उसळते. म्हणून मदतीचा पाटा असा बसवतात, की तो भार आल्यावरच टेकावा. दुसरा पर्याय हवेच्या फुग्यांचा. त्यांत ओझ्यानुसार हवा कमी-जास्त करता येते.

७/ आता हिशेब पाहू. पुढच्या-मागच्या आसांमध्ये ३ मीटर अंतर आहे. जोडणी मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे आणि तिच्यावर १०० किलो भार आहे. मागच्या आसावर १४० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे ४० किलो कमी होतात. म्हणून स्टिअरिंग हलके लागते आणि दिव्यांचा झोत वर जातो. हीच उलाळ.

८/ पाटे वाढवल्याने झोत खाली येतो. पुढच्या चाकांचे ४० किलो मात्र परत येत नाहीत. त्यासाठी ओझेच हलवावे लागते : जड माल जोडगाडीच्या आसाजवळ आणायचा. फार मागे नेला तर जोडगाडी शेपटीसारखी डोलू लागते. आस, टायर आणि ब्रेक यांची क्षमताही पाट्यांनी वाढत नाही, आणि १९८८ चा मोटार वाहन कायदा वजनाची मर्यादा घालतो ती गाडीची उंची पाहून नव्हे.

९/ बैलाची मान हा बंडीवानाचा तराजू होता. चूक झाली की बैल तिथेच अडे. कमानीने प्रवास सुखाचा केला, पण ती चूक झाकण्याची सोयही करून दिली. म्हणून पाटे जरूर वाढवावेत, पण आधी माल नीट लावून.