भांडणातून जन्मलेली भाषा

मंडळी, गेल्या विकांताला डोकं जाम आउट झालं होतं. कारण माझंच एक जुनं पाप.

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रॉडक्टमध्ये मी एक कॉन्फिग फाइल टाकली. साधी सरळ एक्सएमएल. कुठल्या शाखेला किती टक्के डिस्काउंट, एवढंच. मग क्लायंट म्हणाला, अमुक रकमेच्या वर गेलं तर वेगळा दर हवा. झालं, फाइलमध्ये 'जर' आलं. 'जर'च्या पाठोपाठ 'नाहीतर' आलं. मग बिलातल्या प्रत्येक वस्तूला तेच लावायचं म्हणून लूप आला. परवा टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने निरागसपणे विचारलं, "ह्या फाइलमध्ये फंक्शन कसं लिहायचं?" तेव्हा कुठे ट्यूब पेटली. मी नकळत एक प्रोग्रॅमिंग लँग्वेज बनवून बसलो होतो, आणि तीही अत्यंत भिकार. डीबगर नाही, एरर आली तर लाइन नंबरसुद्धा नाही.

शनिवारी चहा घेऊन वाचायला बसलो, तर कळलं की ह्या पापावरून तीस वर्षांपूर्वी एक मोठं भांडण झालं होतं. त्या भांडणातून एक भाषा जन्माला आली. तिचं नाव गाइल. इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ कावा. हो, गनिमी काव्यातला कावा :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. मोठा प्रोग्रॅम सी सारख्या भाषेत लिहायचा, पण त्याचं वागणं वापरणाऱ्याला बदलता यावं म्हणून आत एक छोटी भाषा बसवायची, हिला म्हणतात एक्स्टेन्शन लँग्वेज. बिल्डरने भिंती बांधून दिल्या तरी शेल्फ कुठे ठोकायचं हे आपण ठरवतो, तसं. ह्या कल्पनेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ईमॅक्स हा एडिटर. रिचर्ड स्टॉलमनने तो 1976 मध्ये एमआयटीत सुरू केला. पुढे 1978 मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्गने मल्टिक्स ह्या सिस्टिमवर ईमॅक्स लिहिला, तो लिस्प भाषेत.

ह्या मल्टिक्स ईमॅक्सचा एक किस्सा स्टॉलमनने 2002 मध्ये एका लिस्प परिषदेत सांगितला होता. ग्रीनबर्गच्या ऑफिसातल्या सेक्रेटरी बायका हा एडिटर वापरायच्या. त्यांच्यासाठी कोणीतरी एक पुस्तिका लिहिली, एडिटरमध्ये नवीन कमांड कशा घालायच्या ह्याची. पण ह्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात हे त्यात कुठेच लिहिलं नव्हतं. 'प्रोग्रॅमिंग आपल्याला जमणार नाही' अशी खात्री असलेल्या ह्या बायका त्यामुळे घाबरल्याच नाहीत आणि लिहायला लागल्या.

मला वाटतं ह्या किश्शात सगळं आलं. एक्स्टेन्शन लँग्वेजचा खरा प्रश्न सिंटॅक्सचा नाहीच. वापरणाऱ्या माणसाला तुम्ही किती अकलेचा समजता, हा आहे.

स्टॉलमनने 1984 मध्ये ग्नू ईमॅक्स लिहायला घेतला तेव्हा त्याच्यासमोर जेम्स गॉस्लिंगचा (हो, तोच, पुढे जावा बनवणारा) ईमॅक्स होता. त्यात मॉकलिस्प नावाची भाषा होती. दिसायला लिस्प, पण लिस्पचा जीव असलेल्या लिस्टच नाहीत. स्टॉलमनने ती काढून खरी लिस्प घातली. धडा पक्का झाला: आत बसवायची भाषा लुटुपुटूची नको, खरी हवी. कारण लोक तिच्यात चार ओळी लिहून थांबत नाहीत, हजारो ओळी लिहितात. (माझी एक्सएमएल आठवा. ज्याचं जळतं त्याला कळतं.)

आता येऊ भांडणाकडे. जॉन ऑस्टरहाउट हे बर्कलीतले प्राध्यापक. ते आणि त्यांचे विद्यार्थी चिप डिझाइनची टूल्स लिहायचे आणि प्रत्येक टूलसाठी एक नवी, अर्धीकच्ची कमांड भाषा बनवायचे. (आपल्यासारखेच!) कंटाळून त्यांनी 1988 मध्ये कुठल्याही प्रोग्रॅममध्ये बसवता येईल अशी एकच भाषा केली: टीसीएल, उच्चारी टिकल. तिच्यात सगळं काही स्ट्रिंग. शिकायला सोपी, सी ला जोडायला त्याहून सोपी. जोडीला टीके नावाचं टूलकिट, त्यामुळे बटणं आणि खिडक्या चार ओळींत. भाषा तुफान पसरली. 1994 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ऑस्टरहाउटना बोलावून घेतलं आणि टिकलसाठी टीम उभी केली.

आणि 23 सप्टेंबर 1994 ला स्टॉलमनने यूजनेटवर पत्र टाकलं, 'तुम्ही टिकल का वापरू नये'. मुद्दे थोडक्यात असे: ही भाषा मोठ्या प्रोग्रॅमसाठी बनलेलीच नाही. धड अ‍ॅरे नाहीत, लिंक्ड लिस्ट करता येत नाहीत, आकडे आहेत असं नुसतं भासवलं जातं आणि म्हणून सगळं हळू चालतं. ग्नू प्रकल्प स्कीमवर आधारलेली भाषा देईल, आणि ज्यांना कंस आवडत नाहीत त्यांच्यासाठी तिलाच नेहमीच्या वळणाचा दुसरा सिंटॅक्सही देईल.

ऑस्टरहाउटनी तीन दिवसांत उत्तर दिलं, आणि तेही शांतपणे. त्यांचं म्हणणं, मोठ्या सिस्टिमला दोन भाषा लागतात. अवघड डेटा आणि वेग सी मध्ये सांभाळायचा, तुकडे जोडायचं काम छोट्या भाषेत करायचं. जोडकाम करणाऱ्या भाषेकडून सी ची कामं मागायचीच कशाला? आणि शेवटी कुठली भाषा चांगली हे वादाने ठरत नाही, लोक काय वापरतात त्यावरून ठरतं.

मग काय, यूजनेटवर रणकंदन. टिकल, स्कीम, पायथन, पर्ल, सगळ्यांचे सरदार उतरले. इतिहासात हे 'टिकल युद्ध' म्हणून नोंदलं गेलंय.

ग्नूवाल्यांनी शब्द पाळला. टॉम लॉर्डने ऑब्री जाफरचा एससीएम हा स्कीम इंटरप्रिटर घेतला आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवता येईल असा केला. 1995 च्या फेब्रुवारीत तो बाहेर आला. सुरुवातीचं नाव 'जेल'. त्या नावाचा दुसरा प्रकल्प निघाला म्हणून नाव बदललं: गाइल. नावात घराण्याचा विनोद आहे. एमआयटीत आधी प्लॅनर नावाची भाषा होती, म्हणजे बेत आखणारा. मग कॉनाइव्हर, म्हणजे साटंलोटं करणारा. मग 1975 मध्ये स्कीमर, म्हणजे कट रचणारा. फाइलच्या नावात सहाच अक्षरं मावायची, म्हणून त्याचं स्कीम झालं. मग पुढचा वंशज कावाच असणार!

जाहीर तर झालं, की ग्नूची अधिकृत एक्स्टेन्शन लँग्वेज गाइल. पुढे काय?

पुढे फारसं काही नाही, हेच दुखणं. गिम्पमध्ये स्कीम होती, पण ती आधी एसआयओडी आणि 2007 पासून टायनीस्कीम, गाइल नव्हे. जीडीबी ह्या ग्नूच्याच डीबगरमध्ये पायथन 2009 मध्ये आली, गाइल 2014 मध्ये. ईमॅक्स गाइलवर न्यायचा बेत अगदी सुरुवातीपासूनचा, पण ईमॅक्स आजही स्वतःच्याच लिस्पवर चालतो. आणि तो कंस नको असलेल्यांसाठीचा सिंटॅक्स? तो कधीच रुजला नाही.

सगळ्यात मोठी गंमत दुसरीकडे झाली. 1995 मध्येच नेटस्केपने ब्रेंडन आइकला ब्राउझरमध्ये स्कीम घालायची म्हणून नोकरीवर घेतलं. पण तोवर सनशी जावाचा करार झाला होता. हुकूम आला, भाषा जावासारखी दिसली पाहिजे. त्याने मे महिन्यात दहा दिवसांत जी लिहिली ती जावास्क्रिप्ट. थोडक्यात, जगात सगळ्यात जास्त पसरलेली एक्स्टेन्शन लँग्वेज स्कीम होता होता राहिली.

मग स्टॉलमन हरला का? मला तसं वाटत नाही. त्याचा मुद्दा जावास्क्रिप्टने पुरेपूर खरा करून दाखवला: आत बसवलेल्या छोट्या भाषेत लोक अख्खी सॉफ्टवेअर लिहितात. आणि ऑस्टरहाउटही हरले नाहीत. माझा रूममेट व्हीएलएसआयमध्ये आहे, तो रोज सकाळी उठून टिकल लिहितो, कारण चिप डिझाइनच्या टूल्सना तीच समजते. 2024 मध्ये टिकल 9 सुद्धा आली. माणसं आपलं काम उरकायला जे हाताशी असेल ते उचलतात, हे त्यांचं म्हणणंही खरंच.

पण मला सगळ्यात भावली ती गाइलची मधली पडकी वर्षं. केसुके निशिदाने 2000 च्या सुमारास गाइलसाठी व्हर्च्युअल मशीन लिहिलं. नव्याचे नऊ दिवस झाले आणि ते काम धूळ खात पडलं. 2008 मध्ये अँडी विंगोने ते उचललं, झटकलं, आणि 2011 मध्ये गाइल 2.0 कंपायलरसकट बाहेर आली. 2020 च्या 3.0 मध्ये जिटही आलं. फुकट मात्र नाही. लिलीपॉन्ड हा संगीताची नोटेशन छापणारा प्रोग्रॅम जुन्या 1.8 वर इतका अवलंबून होता, की त्याच्या स्थिर आवृत्तीला गाइल 2 वर यायला 2022 उजाडलं. आणि 2012 मध्ये गाइलचाच एक मेंटेनर, लुडोविक कुर्तेस, ह्याने ग्विक्स सुरू केलं. हा पॅकेज मॅनेजर, आणि पुढे अख्खं डिस्ट्रिब्युशन, गाइलमध्ये लिहिलंय. त्यात पॅकेजची व्याख्या म्हणजे कॉन्फिग फाइल नसते, सरळ स्कीमचा प्रोग्रॅम असतो. जे काम जाहीरनाम्याने झालं नाही, ते दुसऱ्याचं अर्धवट टाकलेलं काम उचलणाऱ्या दोन-चार माणसांनी केलं.

सोमवारी उत्साहात मॅनेजरला सांगितलं, ती एक्सएमएल फेकून देऊ, एखादी खरी भाषा आत बसवू. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अरे, पण तू उद्या पेपर टाकलास तर हे सांभाळणार कोण?"

आदल्या आठवड्यात विचारलं असतं तर चिडलो असतो. पण तीस वर्षांचा इतिहास वाचून हाच तर प्रश्न शिल्लक राहिला होता. मी त्या नवीन मुलीकडे बघितलं. म्हटलं, तिला शिकवतो, आम्ही दोघं मिळून करू. मॅनेजरने दोन आठवडे दिलेत.

भाषा अजून ठरली नाही. पण पुस्तिका मात्र आधी लिहायची ठरवलीय, क्लायंटकडच्या बिलिंगवाल्या माणसांसाठी. त्यात प्रोग्रॅमिंग हा शब्द कुठेही येणार नाही :-)