पिएर सुलाज : काळा रंग आणि उजेड

आज ज्या चित्रांबद्दल बोलायचं आहे त्यांना नावं नाहीत. 'चित्र' एवढा एक शब्द, मग सेंटिमीटरमध्ये उंची-रुंदी, मग तारीख. कापडाच्या ताग्यावर चिठ्ठी लावावी तसं. पिएर सुलाज हा फ्रेंच चित्रकार पाऊणशे वर्षं काम करत होता आणि आपल्या कॅनव्हासना त्याने बहुतेक एवढंच नाव दिलं. 'विरह', 'एकांत', 'मावळती' असं काही लिहिलं की माणूस चित्र बघायचं सोडतो आणि चित्रात तो शब्द शोधायला लागतो. आपल्याला तर ती सवय फारच आहे. प्रदर्शनात शिरलो की आधी चिठ्ठी वाचतो, मग मान वर करतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यात सौंदर्यशास्त्राचा पेपरही असे. सुलाजचं एक चित्र आम्ही वर्गात पुस्तकातून दाखवायचो. पानावर काळा चौकोन दिसे. मुलं हसत, आणि आम्ही त्यावर 'शून्य', 'अभाव', 'मौन' असं पुष्कळ बोलत असू. ते सगळं चुकलं होतं. आजचं व्याख्यान म्हणजे एका अर्थी त्याची दुरुस्ती. मागे पडदा लावलेला आहे, तरी त्याची उत्तरायुष्यातली चित्रं आम्ही दाखवणार नाही. का, ते ओघात येईल.

सुलाजचा जन्म २४ डिसेंबर १९१९ चा, दक्षिण फ्रान्समधल्या आवेरों प्रांतातल्या रोदेझ या गावचा. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. ते पोराच्या लहानपणीच गेले. आई आणि पंधरा वर्षांनी मोठी बहीण यांनी त्याला वाढवलं. घराच्या आसपास सगळी हातानं काम करणारी माणसं. चित्रकाराच्या ब्रशपेक्षा रंगाऱ्याचा रुंद ब्रश, रबराची पट्टी, कातड्याला लावायची हत्यारं त्याला पुढे जवळची वाटली, त्याचं मूळ इथे आहे.

लहानपणची एक गोष्ट तो स्वतः सांगत असे. पांढऱ्या कागदावर तो शाईनं काळे फटकारे मारत बसला होता. कुणीतरी विचारलं, काय काढतोस रे? तो म्हणाला, बर्फ. मोठी माणसं हसली. पण पोराचं म्हणणं साधं होतं. काळ्या फटकाऱ्यांशेजारी कागद जास्त पांढरा दिसतो. आम्हाला विचाराल तर पुढच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न या उत्तरात आहे. पण तसं म्हणणं जरा सोपं आहे, कारण म्हातारपणी सांगितलेल्या बालपणीच्या गोष्टी नेहमीच पुढच्या आयुष्याला बरोबर जुळतात. इतिहास सांगताना हे भान ठेवायला हवं.

रोदेझच्या संग्रहालयात हजारो वर्षांपूर्वीच्या कोरीव उभ्या शिळा आहेत. त्या तो तासन् तास बघत असे. आणि शाळेच्या सहलीत त्याने कोंकचं संत फोआचं चर्च पाहिलं. अकराव्या-बाराव्या शतकातलं, डोंगरात बसलेलं, स्पेनकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं. आपण चित्रकार व्हायचं हे त्याने तिथे ठरवलं, असं तो सांगे. कोंक लक्षात ठेवा, तिथे परत यायचं आहे.

१९३८ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथल्या एकोल दे बोझार या नामांकित कलाशाळेत त्याची निवडही झाली. पण तिथलं शिक्षण त्याला पोकळ वाटलं. सेझान आणि पिकासोची प्रदर्शनं पाहिली आणि पठ्ठ्या सरळ गावी परतला. (आपले सय्यद हैदर रझा १९५० साली मुंबईहून पॅरिसला गेले ते याच शाळेत शिकायला. एकानं नाकारलेलं दार दुसऱ्याला उपयोगी पडलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.)

मग युद्ध आलं. मोंपेलिएत कोलेत नावाची मुलगी भेटली. १९४२ च्या ऑक्टोबरात दोघांनी लग्न केलं, मध्यरात्री, आणि दोघंही काळ्या कपड्यांत. तरुणांना सक्तीनं जर्मनीत मजुरीला पाठवत होते, ते चुकवायला सुलाज खोट्या कागदपत्रांवर द्राक्षमळ्यात राबला. चित्रं खऱ्या अर्थानं सुरू झाली ती १९४६ नंतर, पॅरिसजवळच्या कूर्बव्हातल्या स्टुडिओत. तेव्हा त्याने हाती घेतलं अक्रोडाच्या टरफलांपासून होणारं गडद तपकिरी पाणी. सुतार लाकूड रंगवायला वापरतात ते. कागदावर रुंद, जाड पट्टे, एखाद्या अनोळखी लिपीतल्या अक्षरासारखे. १९४८ मध्ये काचेवर डांबर फासून त्याने काही कामं केली. गार द लिआँ स्थानकाच्या छताच्या फुटक्या काचा डांबरानं जोडलेल्या त्याने पाहिल्या होत्या. त्याच वर्षी जर्मनीत फ्रेंच अमूर्त चित्रांचं फिरतं प्रदर्शन भरलं. त्यातल्या वडीलधाऱ्यांना सोडून तिशीही न गाठलेल्या या पोराचं काम पोस्टरवर घेतलं गेलं. पुढे न्यूयॉर्कमध्येही तो नावाजला गेला. अमेरिकेत फ्रान्झ क्लाइन काळे पट्टे ओढत होता, तेव्हा आधी कोण, असा वाद निघाला. तारखा सुलाजच्या बाजूनं आहेत, पण त्या वादातून चित्राबद्दल काही कळत नाही, म्हणून तो सोडून देऊ.

एक गोष्ट मात्र सोडता येत नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या प्रदर्शनात त्याने चित्रं भिंतीवर लावली नाहीत. तारांनी बांधून दालनाच्या मधोमध उभी केली. भिंतीवरचं चित्र म्हणजे खिडकी, तिच्यातून पलीकडे बघायचं, ही युरोपची कित्येक शतकांची समजूत. सुलाजला पलीकडे काही दाखवायचंच नव्हतं. चित्र ही आपल्याच खोलीत उभी असलेली एक वस्तू आहे, तिला वळसा घालता येतो.

आता १९७९. जानेवारीतल्या एका रात्री तो एका कॅनव्हासवर तासन् तास झगडत होता. काळा रंग लाव, खरवड, पुन्हा लाव. काही केल्या जमेना. काळ्यानं सगळा कॅनव्हास गिळला. थकून तो झोपायला गेला, थोड्या वेळानं उठून पाहिलं, तर तिथे काळं दिसतच नव्हतं. जाड रंगावर हत्यारानं ओढलेल्या रेघा होत्या, कुठे सपाट गुळगुळीत पट्टा होता, आणि त्यांच्यावरून उजेड परत येत होता. कुठे रुपेरी, कुठे राखाडी. याला पुढे त्याने 'ऊत्रनुआर' असा शब्द घडवला, म्हणजे 'काळ्याच्या पलीकडचं'.

हे आम्हाला कळलं ते २००९ साली, पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं तेव्हा. डावीकडून बघितलं तेव्हा कॅनव्हासचा अर्धा भाग पत्र्यासारखा चमकत होता. चार पावलं उजवीकडे सरकलो, तो विझला आणि दुसरा अर्धा पेटला. आम्ही मागेपुढे असे इतके फिरलो की पहारेकरी बघायला लागला. फोटोत हे येणार कसं? कॅमेरा एका जागी उभा असतो, आणि त्याच्या एका जागेचं चित्र आम्ही वर्गात वर्षानुवर्षं दाखवत होतो.

आमच्या विषयातली एक जुनी गोष्ट इथे आठवते. अंधार म्हणजे काय, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. नैयायिक आणि वैशेषिक म्हणत, अंधार हे द्रव्यच नाही, तो नुसता तेजाचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणत, त्याला रंग आहे, तो सरकतो, तेव्हा ते द्रव्यच. तर्कसंग्रह शिकलेल्यांना 'तम हे दहावं द्रव्य का नाही' ही चर्चा आठवत असेल. आम्ही वर्गात सुलाजला नैयायिकाच्या रांगेत बसवलं होतं, काळं म्हणजे अभाव असं धरून. पण काळा रंग आणि अंधार या दोन वेगळ्या गोष्टी. अंधारात सुलाजचं चित्र नाहीच. त्याला उजेड लागतो, पृष्ठभाग लागतो आणि बघणारा लागतो. तिन्हीतलं एक हललं की चित्र बदललं. मग ते चित्र नक्की आहे कुठे? कॅनव्हासवर, की कॅनव्हास आणि आपण यांच्या मधल्या जागेत? सुलाजचा कल दुसऱ्या उत्तराकडे होता, आमचाही तिकडेच झुकतो आहे. मात्र मग त्या चित्राची मालकी कशाची होते, हा प्रश्न लिलाववाल्यांनी सोडवावा. २०२१ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं १९६१ चं एक चित्र दोन कोटी डॉलरच्या वर गेलं.

आता कोंक. १९८६ मध्ये त्या चर्चच्या खिडक्यांचं काम सुलाजकडे आलं. एकंदर १०४ खिडक्या. महायुद्धानंतर बसवलेल्या रंगीत, संतांच्या आकृत्या असलेल्या काचा काढायच्या होत्या. गावातल्या काहींना ते रुचलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. ज्या काचेखाली आपली आई प्रार्थना करायची ती काढून बिनरंगाची काच लावणार म्हणजे काय? सुलाजला अशी काच हवी होती जिच्यातून बाहेरचं दिसणार नाही पण उजेड येईल, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. अशी काच बाजारात मिळेना, म्हणून त्याने ती करवून घेतली. शेकडो प्रयोग झाले. तूलूझच्या झाँ-दोमिनिक फ्लरी या काच-कारागिराबरोबर मग काम उभं राहिलं. काचेचे कण कुठे दाट, कुठे विरळ, आणि त्यावरून किंचित वाकलेल्या तिरक्या काळ्या रेघा. १९९४ मध्ये ते पुरं झालं. काचेत रंगाचा थेंब नाही, तरी सकाळी एका बाजूच्या खिडक्या निळसर असतात आणि दुसऱ्या बाजूच्या उबदार, पिवळट, संध्याकाळी आणखी वेगळ्या. आपण काळ्या रंगाचा चित्रकार म्हणतो त्याचं सगळ्यात मोठं काम हे असं, जिथे काळं म्हणजे नुसत्या काचा धरणाऱ्या पट्ट्या.

पुढचं थोडक्यात. २०१४ मध्ये रोदेझला त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं, गंजाच्या रंगाच्या पोलादाचं. आपली सुमारे पाचशे कामं त्याने दिली, पण अट अशी की दुसऱ्या चित्रकारांच्या प्रदर्शनांसाठीही त्यात जागा हवी. कोंकच्या काचांचे पूर्ण आकारातले आराखडेही तिथेच आहेत. २०१९ मध्ये शंभरी झाली तेव्हा लूव्ह्रमध्ये प्रदर्शन भरलं, आणि त्यासाठी वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी त्याने नवी मोठी चित्रं केली. लग्नाला ८० वर्षं पूर्ण झाली त्याच महिन्यात, २०२२ च्या ऑक्टोबरात, तो १०२ व्या वर्षी वारला. कोलेत मागे राहिली.

कोंकला जायचा योग आला तर एकदा सकाळी जा आणि एकदा संध्याकाळी. मधल्या वेळात जेवून घ्या. आता दिवे लावा, आणि प्रश्न असतील तर विचारा.