मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिणार?

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचा गणक आपल्या दारात येईल. मातृभाषेचा प्रश्न १८८१ पासून या ना त्या शब्दांत विचारला जातोय, यावेळीही असेल असं धरून चालू. कामण, पोमण, चिंचोटी, बापाणे, इकडल्या बहुतेक घरांतून उत्तर येईल, "मराठीच की, अजून काय?" गणक लिहील आणि पुढच्या दाराला जाईल. पण या एका शब्दामागं आपल्या तालुक्याचा मोठा इतिहास आहे. पोस्ट लांब झालीय, सवडीनं वाचा.

वसईत एकाच भाषेचं राज्य कधीच नव्हतं. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. हाच अशोक कंदाहारला ग्रीक आणि अरामाईकमध्ये लेख कोरून घेत होता. म्हणजे ज्याला सांगायचं त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं, एवढी अक्कल तेव्हाच्या सरकारला होती.

मग पोर्तुगीज आले. १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहानं त्यांना वसई दिली, ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. दोनशे पाच वर्षं. किल्ला पडका झाला, शब्द मात्र शाबूत आहेत. पाव, साबण, चावी, पगार, बादली, लिलाव. कामणला कुठल्याही गाळ्याच्या बांधकामावर जाऊन उभे राहा. मेस्त्री ओरडतो, बिगारी घमेलं उचलतो. मेस्त्री आणि घमेलं दोन्ही पोर्तुगिजांकडून आलेले. उचलणारा झारखंडचा, त्याला ते हिंदी वाटतं. आपल्याला मराठी वाटतं. दोघंही बरोबर.

त्या दोनशे वर्षांत धर्म बदलले, पण चुलीपाशची बोली बदलली नाही. सामवेदी बोली, जिला आपण कादोडी म्हणतो, ती सामवेदी ब्राह्मणांच्या घरातही आहे आणि सामवेदी ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या घरातही. वाडवळीचंही तेच. एक देवळात जातो, दुसरा चर्चमध्ये, आणि दोघांच्या आज्या भांडायला लागल्या तर तिसऱ्याला काही कळत नाही. तालुक्याच्या जत्रा-फेस्टांच्या भाषणांत सलोख्याचे दाखले लांबून लांबून आणतात, हा घरचा दाखला कुणी देत नाही.

या बोली पहिल्यांदा पद्धतशीर कागदावर आणल्या त्या जॉर्ज ग्रिअर्सन या आयरिश अधिकाऱ्यानं. त्याच्या भारतीय भाषा पाहणीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो सगळा मराठीचा. त्यात ठाणे जिल्ह्याची पानं बघण्यासारखी आहेत. कोळी, आगरी, किरिस्ताव, वाडवळ, सामवेदी, वारली, कातकरी, प्रत्येकीची वेगळी नोंद. आज कामणहून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की शिळफाटा यायच्या आत यातल्या तीन-चार तरी कानावर पडतात. ग्रिअर्सनची पद्धत साधी होती. बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला जिल्ह्याजिल्ह्यात पाठवायचा आणि स्थानिक माणसांकडून तो त्या त्या बोलीत उतरवून घ्यायचा. गोष्ट एकच असल्यामुळे दोन बोलींत फरक कुठं पडतो ते लगेच दिसतं. बाप, धाकटा पोरगा, डुकरं, मेजवानी, सगळं वारलीत, सगळं वाडवळीत.

पण त्याला एक अडचण आली, ती आजची आपलीच आहे. माणसाला विचारलं तुझ्या बोलीचं नाव काय, तर तो गोंधळतो. शेजारचा कसा वेगळं बोलतो ते मात्र झटकन सांगतो. बोलीला नाव शेजारी ठेवतो, बोलणारा नाही. म्हणूनच आपण म्हणतो "मराठीच की".

आता आकडे. १९६१ च्या जनगणनेत देशात १,६५२ मातृभाषा नोंदल्या गेल्या. १९७१ पासून सरकारनं ठरवलं, दहा हजारांहून कमी बोलणारे असतील ती भाषा वेगळी छापायची नाही. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली नावं होती १९,५६९. छाननी करून उरल्या १,३६९ मातृभाषा. दहा हजारांच्या गाळणीतून गेल्या २७०, आणि त्यांची मोट बांधून भाषा ठरल्या १२१. त्यात मराठीचे ८ कोटी ३० लाख. कादोडीची वेगळी ओळ त्या तक्त्यात नाही, वाडवळीची नाही.

वारलीची आहे, पण ती कुठं? 'भिली' या भाषेखाली. ग्रिअर्सननं जी मराठीच्या खंडात घातली ती जनगणनेनं भिलीच्या गठ्ठ्यात बांधली. पाडा तिथंच, आजी तीच, कागदावरचं घराणं तेवढं बदललं. असल्या गठ्ठ्यांवर या देशात सीमा ठरल्यात. डांगी मराठीची की गुजरातीची, यावर किती वर्षं वाद झाला. १ मे १९६० ला आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याचा उंबरगाव तालुका गुजरातेत गेला, काही गावं इकडं राहिली, ती आजच्या तलासरीत. वारली रेषेच्या दोन्ही बाजूंना. रेष आखताना त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आणि आजही कोण विचारतं? १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असा शासन निर्णय निघाला, राज्यभर रान उठलं, २९ जूनला सरकारनं माघार घेतली. माझा त्या सक्तीला विरोध होता, आजही आहे. पण त्या अडीच महिन्यांत एकाही चर्चेत मी हे ऐकलं नाही की तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यावरचं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याच्यासाठी पुस्तकातली मराठीच दुसरी भाषा असते. गप्प बसणाऱ्या पोराला आपण 'मंद' म्हणून मोकळे होतो. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, त्यात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंय. पण ज्या बोलीची कागदावर ओळच नाही, तिचं पुस्तक कोण छापणार?

दुसरी बाजूही सांगतो, राग आला तरी चालेल. गोदामांत काम करणाऱ्या पोरांना आपण सरसकट 'हिंदीवाले' म्हणतो. त्यातला आझमगढचा घरी फोनवर भोजपुरी बोलतो, दरभंग्याचा मैथिली. मैथिली २००३ च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत गेली, म्हणून वेगळी मोजली जाते. भोजपुरी बोलणारे २०११ मध्ये ५ कोटींच्या वर होते, आणि ते सगळे हिंदीच्या ५२ कोटी ८३ लाखांत धरलेत. आपल्या कादोडीचं जे झालं तेच त्यांच्या भोजपुरीचं, फक्त आकडा मोठा.

तर गणक आल्यावर. २०११ च्या सूचनांनुसार मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलली ती. ती भाषा की बोली हे ठरवणं गणकाचं काम नव्हतं, सांगाल ते नाव त्यानं पूर्ण लिहायचं होतं. त्याखाली 'येणाऱ्या इतर भाषा' असा वेगळा प्रश्न होता, त्यात आणखी दोन भाषा बसत होत्या. यावेळीही तसंच असलं तर पहिल्या रकान्यात वारली, वाडवळी, आगरी, कातकरी, कादोडी जे असेल ते सांगा, आणि खालच्या प्रश्नात मराठी. घरात म्हातारं माणूस असेल तर उत्तर त्याला देऊ द्या. आणि गणकानं काय लिहिलं ते वाचून घ्या.