गव्हाणीची खूण : लूक २:१–२० वर भाष्य

नाताळचा अर्थ सांगताना बहुतेक जण मत्तयाच्या ताऱ्यापासून आणि पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांपासून सुरुवात करतात. मला तो अर्थ लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस वचनांत जास्त स्पष्ट दिसतो. घरी बायबल असेल तर ते समोर उघडून ठेवावे. इथे वचनांचा आशय माझ्या शब्दांत देतो आहे.

वचने १–३. ऑगस्टस सम्राट साऱ्या साम्राज्याची नावनोंदणी करण्याचा हुकूम काढतो आणि जो तो आपापल्या मूळ गावी निघतो. शिरगणतीच्या काळाबद्दल अभ्यासकांत जुना वाद आहे. येशूचा जन्म हेरोद राजाच्या कारकिर्दीत झाला असे मत्तय सांगतो. हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला, तर लूक ज्याचे नाव घेतो त्या सीरियाच्या सुभेदार क्विरिनियसची ज्ञात शिरगणती इ.स. ६ मधली आहे. या दोन तारखांचा मेळ आजवर कुणालाही समाधानकारक घालता आलेला नाही, आणि तो ओढूनताणून घालण्याची श्रद्धेला गरजही नाही. लूकचे सांगणे तारखेपलीकडचे आहे. देव आला तो करवसुलीच्या राजवटीत, दप्तरात नावे चढत असताना. मानवी इतिहासाच्या बाहेर कुठे तरी ही गोष्ट घडली, असे मानायला तो जागा ठेवत नाही.

वचने ४–५. गालीलातल्या नासरेथहून योसेफ यहूदियातल्या बेथलेहेमला जातो, कारण तो दावीद राजाच्या कुळातला आहे. सोबत मरिया आहे, दिवस भरत आलेली. वाट शंभर किलोमीटरहून लांबची, डोंगराळ. चित्रांत दिसणारे गाढव मजकुरात नाही. बेथलेहेमचे नाव मात्र महत्त्वाचे, कारण इस्राएलचा राज्यकर्ता या लहानशा गावातून येईल असे मीखा संदेष्ट्याने सांगून ठेवले होते. दूर रोममध्ये बसलेल्या सम्राटाचा हुकूम नकळत त्या जुन्या वचनाच्या कामी येतो.

वचने ६–७. तिथेच मरिया बाळंत होते, पहिल्या मुलाला बाळंत्यात गुंडाळते आणि गव्हाणीत ठेवते, कारण उतरायला जागा नाही. साऱ्या नाताळचा गाभा या दोन वचनांत आहे, म्हणून इथे थांबायलाच हवे. प्रसूतीबद्दल लूक एकही विशेषण वापरत नाही. प्रकाश नाही, संगीत नाही. आई आहे, कापडाच्या पट्ट्या आहेत, गुरांच्या वैरणीची जागा आहे. त्या भागात गव्हाणी बहुधा दगडात कोरलेली असे. वर गवत टाकले तरी गारवा लागणारच.

इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेने पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. ४५१ च्या चाल्सीडन परिषदेने तोच पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे असे म्हटले. त्या जड वाक्यांचा सगळा भार या गव्हाणीने पेलला आहे. ख्रिस्ती देहधारणेत देवाने माणसाचे सोंग घेतलेले नाही आणि काम झाल्यावर देह टाकूनही दिलेला नाही. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातावरही खिळ्यांचे वण आहेत. मराठी वाचकाला अवताराची कल्पना परिचित असते. तिच्यापासून ही श्रद्धा वेगळी होते ती इथे. ही घटना एकदाच घडते, आणि मनुष्यपण कायमचे स्वीकारले जाते. भूक, थंडी, दुसऱ्याच्या हातांवरचे अवलंबून राहणे, हे सगळे त्यात आले.

याच शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशूचा मृतदेह तागाच्या वस्त्रात गुंडाळून खडकात कोरलेल्या कबरेत ठेवला जातो. तिथेही गुंडाळणे आणि ठेवणे, तिथेही दुसऱ्यांचे हात. लूकने हे साम्य मुद्दाम साधले असावे असे मला वाटते. वधस्तंभ नजरेआड करून गोठा पाहिला तर नाताळ अर्धाच कळतो.

वचने ८–९. जवळच्या रानात मेंढपाळ रात्रीची राखण करत आहेत. त्यांच्यापुढे देवदूत उभा राहतो आणि ते घाबरतात. दावीदही याच गावचा मेंढपाळ होता, एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

वचने १०–११. भिऊ नका, साऱ्या लोकांसाठी आनंदाची बातमी आहे, तारणारा जन्मला आहे, असे देवदूत सांगतो. त्या काळच्या कानांना हे शब्द ओळखीचे होते. आशिया प्रांतातल्या प्रियेने इथल्या इ.स.पू. ९ च्या शिलालेखात ऑगस्टसला तारणारा म्हटले आहे आणि त्याचा जन्मदिवस जगासाठी शुभवार्तेची सुरुवात ठरवला आहे. तेच शब्द लूक एका कामकरी घरातल्या बाळाला देतो. राजद्रोहाचा आरोप ओढवून घेणारे हे धाडस आहे. नाताळकडे गोंडस सण म्हणून पाहताना ते हरवते, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

वचन १२. खूण कोणती? गव्हाणीत निजवलेले बाळ. या वीस वचनांत गव्हाणी तीनदा येते, सातव्यात, बाराव्यात आणि सोळाव्यात. इतक्या आटोपशीर लिहिणाऱ्या लेखकाने तीनदा सांगितलेली गोष्ट सजावटीची नसते. चमत्कार पाहून देव ओळखा, असे देवदूत म्हणत नाही. जिथे जागा नाकारली गेली तिथे त्याला ओळखा, असे सांगतो. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव आणून गव्हाणी मांडली आणि तिच्यावरच मिस्सा, म्हणजे भाकरीत ख्रिस्त येतो अशी श्रद्धा असलेली उपासना, अर्पण करवली. गुरांच्या खाद्याच्या जागी भाकर झालेला ख्रिस्त, हा संबंध त्याने नेमका पकडला होता.

वचने १३–१४. स्वर्गीय सैन्य देवाचे गौरव गाते आणि पृथ्वीवर शांती मागते. ऑगस्टसच्या शांतीची संगमरवरी वेदी रोममध्ये इ.स.पू. ९ मध्येच अर्पण झाली होती. ती शांती तलवारीने आणलेली होती. इथे सैन्य येते, पण गाऊन निघून जाते.

वचने १५–१६. मेंढपाळ एकमेकांना म्हणतात, चला, जाऊन पाहू. आणि घाईने निघतात. त्यांना जा असे कुणी सांगितलेले नाही. बातमी ऐकून पाय उचलणे ही त्यांची श्रद्धा.

वचने १७–१८. पाहिलेले ते सांगत सुटतात, ऐकणारे थक्क होतात. ही सांगण्याची साखळी आपल्या भाषेपर्यंत आली ती १६१६ मध्ये, जेव्हा फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यातल्या रायतूर इथे छापले गेले. मराठीत नाताळची कथा चारशे वर्षे नांदते आहे.

वचन १९. मरिया मात्र बोलत नाही. घडलेले सारे ती मनात साठवते आणि त्यावर विचार करत राहते. मेंढपाळांचा गजर आणि तिचे मौन लूकने शेजारी शेजारी ठेवले आहे. दोन्हींपैकी मला तिचे मौन अवघड वाटते, कारण कळलेले आणि न कळलेले दोन्ही तिला एकटीनेच जपायचे आहे.

वचन २०. मेंढपाळ देवाची स्तुती करत परततात, आपल्या मेंढरांकडेच. त्यांची परिस्थिती बदललेली नाही, दप्तरातली शिरगणतीही चालूच आहे.

रोमन कॅथलिक वाचनक्रमात मध्यरात्रीच्या मिस्सेला पहिली चौदा वचने वाचतात आणि पंधरा ते वीस पहाटेच्या मिस्सेसाठी ठेवतात. मध्यरात्री जाऊन आलेल्यांनी घरी आल्यावर, निजण्याआधी, ती उरलेली सहा वचनेही वाचावीत.